आमच्या मुलांसाठी एक रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळाबाह्य मुलांच्या शोधमोहिमेची बातमी आपल्या अंकात वाचली आणि गेल्या जुलैपासून मनात साचलेलं लिहायला बसले. त्या यादीत माझी दोन मुलंही आहेत.

जुलैत एका सकाळी मनीषनगरातल्या आमच्या घरी दोन शिक्षिका आल्या. पाऊस नुकताच उघडला होता. ओल्या छत्र्या दाराशी टेकवून, फॉर्मचा गठ्ठा पदराखाली जपत त्या आत आल्या. माझा धाकटा नऊ वर्षांचा. तो फरशीवर बसून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तांदूळ तोलत होता, कारण चौघांना महिन्याला किती किलो लागतात हे त्याला काढायचं होतं. बारा वर्षांची थोरली टेबलाशी वही उघडून बसली होती. त्यांतल्या वयाने मोठ्या मॅडमनी धाकट्याला विचारलं, "बाळा, कोणत्या शाळेत जातो?" तो म्हणाला, "घरीच शिकतो."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं की तीन वर्षं झाली, आम्ही दोघं नवराबायको मुलांना घरी शिकवतो. बालभारतीची पुस्तकं काढून दाखवली. त्यांनी धाकट्याला एक पान वाचायला लावलं, हातच्याची वजाबाकी घातली. दोन्ही जमलं. मग त्यांची नजर थोरलीच्या वहीवर गेली. तिथे 12 गुणिले 200 असं लिहून खाली तीन-चार ओळी आकडेमोड होती. "हे काय गं?" थोरलीने पाच मिनिटं समजावलं. मॅडम खुर्चीवर पुढे सरकून ऐकत होत्या, मधे एक प्रश्नही विचारला. त्यानंतर पेन काढलं आणि फॉर्मवर कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं. "ताई, लेकरं हुशार आहेत हो. पण माझ्याकडे यांच्यासाठी रकाना नाही." आणि दोघांच्या नावापुढे त्यांनी शाळाबाह्य लिहिलं. कारणाच्या जागी 'इतर'.

त्या मॅडमचा यात काहीही दोष नाही. पावसात दारोदार फिरून त्या जे काम करतात त्याबद्दल मला आदर आहे. हिंगणा रोडवर माझ्या यजमानांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. त्या वाटेवर बांधकामांशेजारी पत्र्याच्या खोल्यांतून राहणारी मुलं मी रोज बघते. दहा वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी असते. तिला शोधून शाळेत बसवणं हे सरकारचं कामच आहे, आणि त्यात कणभरही ढिलाई यावी असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तिची गोष्ट आणि माझ्या मुलांची गोष्ट एकाच शब्दात बसत नाही.

आता 12 गुणिले 200 म्हणजे काय, ते सांगते.

आम्हाला घरच गाडीवर घेऊन वर्षभर देश फिरायचा आहे. मोटरहोम म्हणतात त्याला, सरकारी कागदात मोटर कॅराव्हॅन. यजमान वीस वर्षं ट्रकच्या, टिप्परच्या बॉड्या बांधतात. मी घरी बसून तीन व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न भरते, ते काम लॅपटॉपवर कुठूनही होतं. लॉकडाऊनमध्ये मुलांची शाळा मोबाइलवर आली. तेव्हा थोरली मान खाली घालून सहा इंचांच्या पडद्यात बसलेली दिसायची आणि यजमान म्हणायचे, "हिला एकदा खरा समुद्र दाखवू." कल्पना तिथून निघाली. देशाचा मध्य दाखवणारा म्हणून ओळखला जाणारा झिरो माइलचा खांब आमच्या गावात आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा 44 नंबरचा महामार्ग आणि सुरतेकडून पारादीपकडे जाणारा 53 नंबरचा, दोन्ही नागपुरातून जातात. चारी दिशांना जाणारे ट्रक लहानपणापासून बघितले. एकदा आपणही त्यांच्यामागे निघावं असं वाटणं, नागपूरच्या माणसाला तरी नवल नाही.

तर थोरलीचं गणित. गाडीत 12 व्होल्टची, 200 अँपिअर-अवरची बॅटरी बसवायची. गुणाकार 2,400 वॉट-अवर, म्हणजे 2.4 युनिट वीज. 30 वॉटचे दोन पंखे रात्रभर, आठ तास चालवले तर अर्ध्या युनिटच्या आतच काम होतं. एक टनाचा एसी मात्र तासाला साधारण एक युनिट खातो, म्हणजे दोन-सव्वादोन तासांत बॅटरी आटोपली. तिने हे मांडलं आणि स्वतःच म्हणाली, "आई, मग मे महिन्यात आपण नागपूरसारख्या ठिकाणी थांबूच शकत नाही." मी म्हटलं, मग कुठे थांबायचं ते शोध. दोन दिवस ती नकाशावर उंची बघत बसली. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर, पचमढीही तेवढंच, आणि मग वर हिमाचल. हिवाळ्यात दक्षिण, उन्हाळ्यात डोंगर, पावसाळ्यात घरी, असा वर्षाचा आराखडा या एका बॅटरीतून निघाला. विज्ञान, भूगोल आणि गणित यांचा तास त्या दिवशी वेगवेगळा घ्यावा लागला नाही. पाण्याचंही तसंच. 120 लिटरची टाकी भरली की गाडीवर 120 किलोचं ओझं चढतं. धाकट्याने दात घासताना नळाखाली मग धरून मोजलं, आणि तेव्हापासून तो घरातही नळ सोडून ठेवत नाही.

सासूबाई काटोलला असतात, संत्र्याची बाग आहे. त्यांना हे पटलेलं नाही. "पोरायले गाडीत घालून हिंडवता, मंग शिकतील कवा वं?" असं त्या दर फोनवर विचारतात. त्यांच्याच बागेत आंब्या बहारासाठी झाडाला ताण देतात म्हणजे काय, पाणी तोडल्यावर झाड फुलावर कसं येतं, हे मुलं आजोबांमागे फिरून शिकली. सासूबाईंची काळजी मात्र खोटी नाही. मूल एकटं पडेल का, ही भीती मलाही आहे, आणि ती मी लपवणार नाही. थोरली रोज संध्याकाळी मैदानावर खो-खो खेळते. आम्ही अकरा दिवसांचा सराव प्रवास केला तेव्हा आठव्या दिवशी मैत्रिणीचा वाढदिवस होता. ती गाडीत तोंड फिरवून रडली. त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. तिला जवळ घेऊन बसले. नंतर आम्ही ठरवलं की वर्षभर सलग निघायचं नाही. दर तीन-चार महिन्यांनी नागपूरला यायचं, मैत्रिणींना भेटायचं.

हा सराव प्रवास जानेवारीत झाला. ओळखीच्यांची जुनी ट्रॅव्हलर मागून आणली, मागच्या सीट काढून गाद्या घातल्या, पाच किलोचा लहान सिलिंडर घेतला.

पहिला मुक्काम सेवाग्राम. आमच्या घरापासून पाऊणशे किलोमीटर, आणि तिथे आधी कधी मुलांना नेलं नव्हतं याची मला लाज वाटली. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि नई तालीम सुरू झाली. हाताने करायच्या कामातून गणित, भाषा, इतिहास शिकवायचा, असा तो विचार. सूत कातायचं, मग तार मोजायची, मग कापूस कुठून येतो ते बघायचं. हे आमच्या शेजारच्या जिल्ह्यात घडलं. आम्ही घरी करतो ते काही परदेशातून आणलेलं खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सेवाग्रामला जाऊन यावं.

तिथून कारंजाच्या बाजूने जाताना रस्त्याकडेला काठेवाडी लोकांचा डेरा लागला. उंट, मेंढ्या, खाटा, त्यावर गोधड्या आणि गोधड्यांवर बांधलेली कोकरं. विदर्भात या लोकांना सगळेच ओळखतात. पिढ्यान्‌पिढ्या इकडे फिरतात, शेतात मेंढ्या बसवतात. यजमान चहासाठी थांबले. थोरलीच्याच वयाची एक मुलगी जवळ आली. आमच्या गाडीच्या आत डोकावून बघितलं, गाद्या बघितल्या, शेगडी बघितली आणि हसली. तिलाही कळलं असावं की हेही लोक घर घेऊनच फिरतात. कळपात किती मेंढ्या, असं धाकट्याने विचारलं तर तिने न मोजता आकडा सांगितला, आणि एक मेंढी लंगडते आहे हेही सांगितलं. मग तिने थोरलीकडे पेन मागितलं आणि तळहात पुढे केला. नाव लिही. थोरलीने देवनागरीत लिहिलं. ती मुलगी हात उन्हाकडे धरून कितीतरी वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. तिला ते वाचता येत नव्हतं.

गाडी सुटल्यावर थोरली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, त्या मॅडम हिच्याकडे जात असतील का?" मला माहीत नव्हतं. पण त्या दिवसापासून मला हा प्रश्न फक्त माझ्या घरापुरता वाटत नाही. फिरतीवरच्या मुलाची शाळा, मग ते उंटामागे चालणारं असो, उसाच्या फडावर आईबापाबरोबर गेलेलं असो की आमच्यासारखं आवडीने निघालेलं असो, ती एका इमारतीला बांधता येणार नाही. ती मुलाबरोबर चालली पाहिजे.

लोणारला आम्ही दोन रात्री होतो. निघताना हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कागदाचे तुकडे बरोबर घेतले होते. वरच्या धारेच्या, म्हणजे गोड्या झऱ्याच्या, पाण्यात एक तुकडा भिजवला, तो पिवळाच राहिला. मग खाली उतरून सरोवराच्या काठाला दुसरा भिजवला आणि बघता बघता तो विटकरी लाल झाला. धाकटा ओरडलाच. तीच हळद, दोन पाणी, अर्ध्या तासाची उतरण. पाणी अल्कधर्मी आहे, हे पुस्तकातलं वाक्य त्याने आता आयुष्यात विसरणं शक्य नाही. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात झालेलं, जवळपास 1.8 किलोमीटर रुंदीचं हे विवर कसं तयार झालं, 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी का झालं, ते खारं पाणी आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे कसं झालं, हे सगळं त्याने रात्री टॉर्चच्या उजेडात मला विचारून घेतलं आणि पहिल्यांदा न सांगता दोन पानं लिहिली. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्या दुसऱ्या दिवशी सुधारल्या.

अजिंठ्याला थोरलीला आणखी एक सापडलं. सोळाव्या लेण्यातला लेख वाकाटक राजा हरिषेणाच्या मंत्र्याचा, वराहदेवाचा आहे, हे तिथे कळलं आणि ती म्हणाली, "वाकाटक म्हणजे आपले रामटेकचे?" हो, घराणं तेच, फक्त हरिषेण त्यांच्या वाशीमच्या शाखेतला. रामटेकजवळच्या शाखेची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आताचं नगरधन, आमच्या घरापासून जेमतेम चाळीस किलोमीटर. राणी प्रभावतीगुप्ता तिथून कारभार बघत होती. परत आल्यावर पुढच्याच रविवारी तिने आम्हाला नगरधनला ओढत नेलं.

अडचणी आल्या नाहीत असं नाही, आणि सगळ्यांत मोठी अडचण अभ्यासाची नव्हतीच. रात्री गाडी कुठे लावायची आणि गाडीतल्या शौचालयाची टाकी कुठे रिकामी करायची, या दोन गोष्टींनी आम्हाला दमवलं. एका रात्री पेट्रोल पंपावरून आम्हाला साडेअकराला उठवलं. मुलं झोपेत होती. पुढे एका ढाब्याच्या मालकाने ट्रकांच्या रांगेत जागा दिली, आणि पैसे घेऊन का होईना, टाकी त्याच्या सेप्टिक टँकमध्ये ओतू दिली. शेतात, नाल्यात ओतायची नाही हे आम्ही पहिल्याच दिवशी मुलांसमोर ठरवलं होतं. तो शब्द पाळायला त्या माणसामुळे जमलं, त्याचे आभार. राज्य सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. गाडी उभी करायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह असे कॅराव्हॅन पार्क त्यात सांगितले आहेत. अकरा दिवसांत आमच्या वाटेवर असं एकही ठिकाण आम्हाला मिळालं नाही. लोणार, सेवाग्राम, रामटेक, चिखलदरा अशा जागी चार-चार गाड्यांची सोय झाली तरी विदर्भात कितीतरी कुटुंबं येतील. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मुंबईहून इथवर 701 किलोमीटरचा सरळ रस्ता आहे.

गाडीबद्दल थोडंसं सांगते, कारण पुष्कळ जण यजमानांना म्हणतात की तुमचं वर्कशॉपच आहे, घाला पाइप आणि प्लाय, करा तयार. ते तसं करणार नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाला सोडून गाडीत मनाने बदल करता येत नाहीत. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. त्यात लेकरं झोपणार आहेत, गॅस पेटणार आहे. सगळं मंजुरी घेऊनच होईल, त्याला दोन पैसे जास्त लागले तरी चालतील. यजमानांनी सेव्हिंग त्यासाठीच लावून ठेवलं आहे.

आता पुन्हा रकान्याकडे येते.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. मी तो मराठीतून पूर्ण वाचला, खुणा करत वाचला. कलम 10 म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे आईबापाचं कर्तव्य आहे. घरी शिकवण्याला बंदी त्यात कुठे लिहिलेली नाही, परवानगीही लिहिलेली नाही. तो शब्दच नाही. कलम 4 मात्र सांगतं की शाळेत नसलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं. म्हणजे आम्ही परत आलो तर दार उघडं आहे. मुक्त शाळेची सोय आहे; एनआयओएस या केंद्राच्या मुक्त विद्यालयात तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या परीक्षा आहेत आणि वयाची चौदा वर्षं झाली की दहावी. राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसण्याचा 17 नंबरचा फॉर्म तर नागपुरात घरोघरी माहीत आहे. शेवटच्या टोकाला वाटा आहेत. अडतं ते मधल्या वर्षांत. सहा ते चौदा या वयात घरी शिकणारं मूल सरकारदरबारी कुठेच नसतं, आणि कुठेच नसलं की ते शाळाबाह्य.

या शब्दाचा परिणाम होतो, म्हणून लिहिते. सर्वेक्षणानंतर एका शाळेत आम्ही चौकशीला गेलो होतो, नाव इथे नोंदवू आणि फिरतीची रजा मागू, असा विचार होता. तिथल्या कार्यालयात धाकट्यासमोर विचारलं गेलं, "शाळाबाह्य आहे का हा?" घरी येईपर्यंत तो बोलला नाही. रात्री मला म्हणाला, "आई, शाळाबाह्य म्हणजे मला काहीच येत नाही असं का?"

मागणी साधी आहे. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये 'पालकांच्या जबाबदारीवर घरी शिक्षण' असा एक रकाना असावा. त्यात नाव घातलेल्या मुलाची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी. आम्ही ज्या गावी असू तिथल्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत मूल जाऊन बसेल, तिथले शिक्षक वाचून घेतील, गणित घालतील, आणि कार्डावर सही करतील. मूल मागे पडलं असेल, राबवून घेतलं जात असेल, मुलीचं लग्न लावण्याचा घाट असेल, तर तेही त्या शिक्षकाच्या नजरेला येईल. सही मिळाली नाही तर शाळेत दाखल करणं बंधनकारक करा, आम्हाला मान्य आहे. ऊसतोड आणि इतर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्डाची पद्धत आधीपासून आहे. एका गावचं मूल दुसऱ्या गावी गेलं तरी शाळा त्याच्यामागे जावी, हाच त्यातला विचार आहे. तेच कार्ड जरा मोठं करा. त्यात डेऱ्यावरच्या त्या मुलीलाही घ्या. तिच्यासाठी तर ते माझ्या मुलांहून आधी व्हायला हवं. तिला तिच्या तळहातावरचं नाव वाचता आलं पाहिजे.

गाडीचं काम दिवाळीनंतर सुरू होईल आणि पुढच्या पावसाळ्यानंतर निघायचा विचार आहे. तोवर आम्ही नागपुरातच आहोत. शिक्षण विभागातल्या कोणा अधिकाऱ्याला दोन्ही मुलांना बोलावून तपासावंसं वाटलं, तर आपल्या कार्यालयामार्फत दिवस आणि वेळ कळवावी. आम्ही वह्यांसकट हजर होऊ. जुलैत आलेल्या त्या मॅडमही तिथे असल्या तर मला फार बरं वाटेल. थोरलीला त्यांना बॅटरीचा पुढचा भाग सांगायचा राहून गेला आहे.

आपली,
एक आई
मनीषनगर, नागपूर